मामांच्या दुकानाचा कॉम्प्युटर : आधी अर्थिंग, मग प्रोसेसर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मामांचं खानापुरात हार्डवेअर, सिमेंट आणि रंगाचं दुकान आहे. काउंटरवरचा कॉम्प्युटर दहा वर्षांचा, विंडोज १० वर अडकलेला, आणि हल्ली अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होतो. काम म्हणाल तर टॅलीवर बिलं, जीएसटीचं पोर्टल, ई-वे बिल, व्हॉट्सअ‍ॅप आणि प्रिंट. तुम्ही पुण्याला नोकरीत, दर वेळी धावून येणं जमणार नाही, म्हणून एकदाच चांगला घेऊन टाकू असं ठरवून यादी काढलीत : आय-फाईव्ह १४४००एफ, १६ जीबी रॅम, चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड, काचेचा दिवेवाला कॅबिनेट आणि त्याच्यासोबतच येणारा ५०० वॅटचा एसएमपीएस (मशिनाला वीज पुरवणारा डबा). हा टिकेल का, की ब्रँडेड घ्यावा, की रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकला जाणारा), असं विचारलंत.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातली दुकानं, दवाखाने आणि उद्यमबागेतले लहान कारखाने यांची मशिनं सांभाळणं हाच माझा धंदा आहे. त्यामुळे स्पष्ट सांगतो : ही यादी कॉलेजात शिकणाऱ्या, गेम खेळणाऱ्या पोराला ठीक आहे. मामांना ती देऊ नका.

दुकानातल्या मशिनाचा भरवसा मी एकाच गोष्टीवर ठरवतो. ते बंद पडलं तर पुढचं बिल फाटायला किती वेळ लागतो? कधीच बिघडणार नाही असं मशीन कुणी बनवत नाही. सकाळी अकराला बिघडलेलं दुपारच्या जेवणापर्यंत चालू करता येईल असं मशीन मात्र घेता येतं, आणि त्याला जास्त पैसेही पडत नाहीत. यादीतली प्रत्येक वस्तू या एका प्रश्नाला लावून बघा.

पण त्याच्याही आधी तो आपोआप रीस्टार्ट होण्याचा प्रकार बघू. नवीन मशीन आणून त्याच बोर्डाला, त्याच पिनला लावलंत तर सहा महिन्यांत तेही तसंच वागायला लागेल अशी मला दाट शंका आहे. दहा वर्षांच्या मशिनात एसएमपीएस थकलेला असणारच, ते एक कारण. दुसरं कारण भिंतीत असतं. आपल्याकडची जुनी दुकानं म्हणजे कौलारू घराचा पुढचा सोपा, वर कधीतरी स्लॅब टाकलेला, वायरिंग वाढवत वाढवत नेलेलं. तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. किंवा असते आणि ती मागच्या पत्र्याला नाहीतर नळाच्या पाइपाला गुंडाळलेली असते. वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटर लावून तीन आकडे घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास हवेत. फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. हा तिसरा आकडा दहा-वीस-तीस दाखवत असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा करून घ्या, कॉम्प्युटरचं नंतर बघू. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात म्हणून पायात स्लीपर घालून बसणारे दुकानदार मी पुष्कळ बघितलेत. ती झिणझिण मदरबोर्डालाही बसते.

शेजारी वेल्डिंगचं दुकान आहे का, तेही विचारा. मामांच्याच गोडाऊनात बार कापायचं मशीन असेल तर कॉम्प्युटरची लाईन मेन बोर्डापासून वेगळी ओढून घ्या, स्वतंत्र एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) टाकून. दोन-अडीचशे फूट वायर आणि एक दिवसाची मजुरी, एवढाच खर्च. टिकाऊपणाच्या दृष्टीने हा खर्च प्रोसेसरच्या पिढीपेक्षा जास्त कामाला येतो.

मग यूपीएस. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. मामांचं मशीन आणि मॉनिटर मिळून शंभर वॅटच्या आत-बाहेर ओढतील, म्हणजे तो पुरतो. आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत मरते. लोक यूपीएस घेतात, बॅटरी बदलत नाहीत, आणि मग "यूपीएस असून बंद पडला" म्हणतात. बॅटरी बदललेली तारीख मार्करने यूपीएसवरच लिहून ठेवा. लेझर प्रिंटर यूपीएसला लावायचा नाही. त्यातला हीटर तापताना एकदम मोठा करंट ओढतो आणि यूपीएस बसतो. प्रिंटरची पिन सरळ भिंतीत. यूपीएस विकत घेताना दुकानदारासमोरच नवीन मशीन चालू करून यूपीएसची पिन ओढून बघा. काही एसएमपीएस आणि स्वस्त यूपीएस यांचं जमत नाही, लाईन बदलण्याच्या क्षणी मशीन रीस्टार्ट होतं. घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, असं मामा म्हणतील. इन्व्हर्टर पंखा-दिव्यांसाठी आहे. त्याला लाईन बदलायला जो क्षण लागतो तेवढ्यात टॅलीत अर्धवट बिल लटकतं. इन्व्हर्टर असू दे, मध्ये यूपीएस हवाच. आणि करंट गेल्यावर गिऱ्हाईक उभं असलं तरी चालू बिल पूर्ण करून मशीन नीट बंद करायचं, बॅटरी शेवटपर्यंत ओढायची नाही, हे काउंटरवरच्या पोराला सांगून ठेवा.

एप्रिल-मेमधल्या वळवाला मी सगळ्यात जास्त घाबरतो. त्या दोन महिन्यांत माझ्या टेबलावर जळलेले बोर्ड येतात त्यातले बरेच विजेच्या पिनमधून जळलेले नसतात. वीज जवळपास पडली की तिचा झटका इंटरनेटच्या वायरमधून, सीसीटीव्हीच्या केबलमधून आत शिरतो. यूपीएस शाबूत आणि लॅन पोर्ट काळा, असं चित्र दर वर्षी दिसतं. फायबर कनेक्शन असेल तर बाहेरून येणाऱ्या केबलचा धोका कमी, पण कॅमेऱ्याची वायर गच्चीवर असतेच. म्हणून बिलिंगच्या मशिनाला सीसीटीव्ही जोडू नका, त्याचा डीव्हीआर आणि पडदा वेगळा ठेवा. ढग गडगडायला लागले की पिन आणि लॅन केबल दोन्ही काढायची. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस बसवून घेता येतं. ते अर्थिंग चांगलं असेल तरच काम करतं.

आता यादी. १४४००एफ मधल्या शेवटच्या "एफ"चा अर्थ असा की प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड काढलं तर पडदा काळा. गेमसाठी कार्ड घेणारच आहे त्याला हा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, बरोबर आहे. दुकानात मात्र तुम्ही पैसे देऊन बिघडणारी एक वस्तू वाढवताय : कार्डाचा पंखा सिमेंटच्या धुळीने अडकला की कार्ड तापणार, आणि ते गेलं की बाकी सगळं चांगलं असून बिल फाटणार नाही. एफ नसलेला प्रोसेसर घ्या आणि कार्ड यादीतून काढून टाका. आय-थ्री १२१०० मध्ये चार कोअर, आठ थ्रेड आहेत, तो २०२२ च्या सुरुवातीचा असला तरी टॅलीला, ब्राउझरला आणि व्हॉट्सअ‍ॅपला भरपूर होतो. चार पैसे जास्त असतील तर आय-फाईव्ह १२४००. एएमडीकडचा रायझन फाईव्ह ५६००जी हाही तितकाच भरवशाचा, त्यात ग्राफिक्स आत आहे. याच्या वर जाऊ नका. भारी प्रोसेसर म्हणजे टिकाऊ असं काही नसतं. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले वरचे आय-सेव्हन, आय-नाईन आणि काही आय-फाईव्ह अस्थिर होतात हे २०२४ मध्ये उघड झालं, कंपनीला मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट काढावे लागले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. साधा आय-थ्री त्या भानगडीत कधी सापडलाच नाही.

रॅम १६ जीबी ठीक, पण १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्या. एक गेली तर दुसरीवर मशीन चालू राहतं. फोनवर तुम्ही मामांच्या पोराला सांगू शकता : कॅबिनेट उघड, एक पट्टी काढ, लाव. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढलेत. बजेट बसत नसेल तर सध्या आठची एकच घ्या आणि दुसरी जागा रिकामी ठेवा, दुकानाचं काम अडणार नाही. पुढे भाव उतरले की भर घाला. मदरबोर्ड मात्र दोन जागांचा आणि साधा, इंटेल घेतलात तर एच६१० सारखा. रॅम डीडीआर४ पिढीची की डीडीआर५ हे बोर्ड घेतानाच ठरतं, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. त्या दिवशी बेळगावात जे सहज आणि स्वस्त मिळतंय ते घ्या.

एसएमपीएस ही यादीतली सगळ्यात वाईट नोंद आहे. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या डब्यावर ५०० वॅट लिहिलेलं असतं, ते छापणाऱ्याच्या मर्जीचं. हातात घेऊन वजन करा, कळतं. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवतो याचा) शिक्का असलेला, ४५० वॅटचा वेगळा विकत घ्या. त्यात अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असला तर संध्याकाळी व्होल्टेज पडल्यावरही तो तग धरतो. वर जे कार्डाचे पैसे वाचवलेत त्यातले थोडे इथे घाला. एसएमपीएस स्वतः मरतो त्याचं दुःख नसतं, तो जाताना बोर्ड आणि डिस्क घेऊन जातो.

डिस्क म्हणाल तर ५०० जीबीचा एनव्हीएमई एसएसडी, पाच वर्षांच्या वॉरंटीचा, अधिकृत विक्रेत्याकडून. ऑनलाइन अर्ध्या किमतीत दोन टीबी म्हणून जे विकतात त्यात आत काय निघेल सांगता येत नाही. फिरणारी हार्ड डिस्क मुख्य डिस्क म्हणून आता कुणीच लावू नये. कॅबिनेट काचेचा नको, दिवे नकोत, पुढे जाळी मोकळी नको. साधा पत्र्याचा, पुढून काढून धुता येईल असा फिल्टर असलेला, मायक्रो एटीएक्स मापाचा. सिमेंटच्या दुकानात ज्या कॅबिनेटमधून जास्त हवा खेळते त्यातून जास्त सिमेंटही खेळतं. ही धूळ आपल्या पावसाळ्यातल्या ओलीत नुसती बसत नाही, पंख्याच्या पात्यांवर आणि हीट सिंकमध्ये खपली धरते, मग ब्लोअरने निघत नाही, खरवडावी लागते.

म्हणून जागा. कॅबिनेट जमिनीवर ठेवायचा नाही, काउंटरखाली भिंतीला लोखंडी अँगल मारून फूटभर तरी वर घ्या. सकाळी फरशी पुसताना पाणी जातं, पोती उतरवताना धूळ खालूनच येते, आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाचा शिडकावा खानापूरलाही कमी नसतो. जून ते सप्टेंबर दुकान चार दिवस बंद राहिलं तरी कुणीतरी रोज अर्धा तास मशीन चालू करावं, आतल्या उबेने ओल धरत नाही. मागच्या रिकाम्या पट्ट्या उघड्या ठेवू नका, तिथून पाल जाते. एसएमपीएसमध्ये पाल शिरून फ्यूज उडणं हा आमच्याकडचा अगदी नेहमीचा बिघाड आहे, कंपनीच्या वॉरंटीत तो बसत नाही. साफसफाई वर्षातून दोनदा : पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या आधी, आणि मे महिन्यात.

आता ब्रँडेड की असेंबल, म्हणजे सुटे भाग जोडून केलेला. यावर लोक हिरिरीने भांडतात, पण खानापूरच्या दृष्टीने प्रश्न एकच : बिघडल्यावर कोण येणार आणि काय घेऊन येणार?

मोठ्या कंपनीचा ऑफिससाठीचा टॉवर घेतलात आणि तीन वर्षांची ऑनसाईट वॉरंटी घेतलीत तर पहिली तीन वर्षं डोकं शांत. विंडोज आत असतं, बिल एकच, फोन नंबर एकच. घेण्याआधी कंपनीच्या नंबरवर फोन करून खानापूरचा पिनकोड सांगा आणि विचारा, माणूस घरपोच येतो का, कुठून येतो, किती दिवसांत. दुकानदाराच्या "येतात की हो" वर जाऊ नका. चौथ्या वर्षी मात्र चित्र पालटतं. या टॉवरांचे एसएमपीएस आणि बोर्ड बहुतेक त्यांच्याच मापाचे, त्यांच्याच पिनांचे असतात. एसएमपीएस गेला तर बेळगावच्या कुठल्याही दुकानातला साधा एटीएक्स मापाचा एसएमपीएस त्यात बसत नाही. मागवावा लागतो, आणि तो येईपर्यंत मामा हाताने पावत्या लिहितात.

असेंबल मशिनात प्रत्येक सुट्या भागाची वॉरंटी वेगळी. प्रोसेसर आणि बोर्डाची साधारण तीन वर्षं, एसएसडी-एसएमपीएसची तीन ते पाच. कागदावर हे चांगलं दिसतं. पण बोर्ड गेला तर तो कंपनीच्या सेंटरला पाठवून परत यायला आठ-पंधरा दिवस जातात. त्या पंधरा दिवसांत तुमचं दुकान चालवतो तो कंपनी नव्हे, असेंबल करून देणारा माणूस. तो स्वतःकडचा तात्पुरता बोर्ड लावून देईल का? हे आधी विचारा आणि बिलाच्या मागे लिहून घ्या. देणारे बेळगावात आहेत. टिळकवाडीपासून खानापूर पंचवीस-सव्वीस किलोमीटर, एसएमपीएस खिशात घालून मोटरसायकलवर तासाभरात माणूस पोचतो. सुटे भाग सगळे सर्वसाधारण मापाचे, त्यामुळे ज्याच्याकडे जे मिळेल ते बसतं.

तेव्हा माझं मत : बेळगावात किंवा खानापुरातच ओळखीचा, सुटे भाग बाळगणारा माणूस असेल तर असेंबल. असा माणूस नसेल, किंवा असेल पण फोन उचलत नसेल, तर तीन वर्षांच्या ऑनसाईट वॉरंटीचा ब्रँडेड टॉवर. ऑल-इन-वन नको, त्यात पडदा गेला की सगळंच गेलं. तळहाताएवढे मिनी पीसी धुळीच्या दुकानात मला पटत नाहीत, दवाखान्यात चालतात.

रिफर्बिश्डला मी नाक मुरडत नाही. कंपन्यांमधून निघालेले डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे प्रोडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर दणकट असतात. फसवणूक होते ती आकड्यांत. "आय-सेव्हन, १६ जीबी, एक टीबी" अशी पाटी लावून जो स्वस्तात विकतात तो बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा असतो, म्हणजे २०११-१२ चा. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा रायझनची २००० मालिका आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, आणि मामांच्या मशिनावर बँक आणि जीएसटीचं लॉगिन होतं. म्हणून रिफर्बिश्ड घ्यायचाच तर आय-फाईव्ह ८५०० किंवा त्यानंतरचा, नवीन एसएसडी घालून. मुख्य काउंटरला नको, दुसऱ्या काउंटरला किंवा राखीव म्हणून उत्तम. विंडोजची पाचशे-सातशे रुपयांची ऑनलाइन चावी घेऊ नका. आज चालते, उद्या बंद होते, आणि तक्रार करायला माणूस सापडत नाही.

खरेदी कुठून करायची यात आपल्या सीमाभागाची एक गंमत आहे. मामांची जीएसटीची नोंदणी कर्नाटकातली, म्हणजे क्रमांक २९ ने सुरू होणार. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि मामा नियमित करदाते असतील तर तो इनपुट क्रेडिट म्हणून परत वळवता येतो. कंपोझिशनमध्ये (लहान व्यापाऱ्यांच्या जीएसटी योजनेत) असतील तर मिळत नाही, मग हा परिच्छेद सोडून द्या. बेळगावात घेतलात तर सरळ व्यवहार. कोल्हापूर स्वस्त पडतं म्हणून तिकडून आणलात तरी चालेल, पण बिलावर मामांचा नंबर, खानापूरचा पत्ता आणि आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर) हवा. तिथल्या काउंटरवर नेहमीच्या सवयीने सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातल्या विक्रीचे कर) लावून बिल फाडलं तर महाराष्ट्राचा तो कर मामांना कर्नाटकात वळवता येत नाही. बिल पन्नास हजारांच्या वर गेलं तर राज्याची हद्द ओलांडताना ई-वे बिल लागेल. आणि तुम्ही पुण्यात स्वतःच्या नावावर घेऊन सुट्टीला गाडीत टाकून आणलात तर क्रेडिटही नाही आणि वॉरंटीचा माणूसही पुण्यात. तसं करू नका. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या. त्याचा फोटो तुमच्या फोनमध्ये राहू दे.

एवढं सगळं नीट केलंत तरी एक दिवस मशीन बंद पडणारच. त्या दिवशी वेळ हार्डवेअरमध्ये जात नाही, भलत्याच ठिकाणी जातो.

एक, टॅलीचं लायसन्स. ते मशिनाला बांधलेलं असतं. नवीन मशिनावर न्यायचं तर जुन्यावरून सरेंडर करावं लागतं, आणि जुनं मेलं असेल तर रीसेट करावं लागतं. दोन्हीला सिरियल नंबर आणि नोंदवलेला ई-मेल लागतो. हा ई-मेल दहापैकी निम्म्या दुकानांत आधीच्या अकाउंटंटचा असतो, तो आता हुबळीत किंवा दुबईत असतो आणि फोन उचलत नाही. जुनं मशीन चालू आहे तोवर आजच बघा ई-मेल कुणाचा आहे, आणि मामांचा करून घ्या.

दोन, बिटलॉकर. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की नव्या मशिनांवर डिस्क बहुतेक आपोआप कुलूपबंद होते. कुणी सांगत नाही, पडद्यावर दिसतही नाही. मग बोर्ड जळतो, एसएसडी शाबूत असतो, तो काढून दुसऱ्या मशिनात लावला की ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती त्या खात्यात साठवलेली असते, आणि खात्याचा पासवर्ड सेटअप करणाऱ्या पोराने काय टाकला ते त्यालाही आठवत नसतं. मशीन सुरू झालं की पहिल्याच दिवशी ती की छापून दुकानाच्या लायसन्सच्या फायलीत लावा. खातं मामांच्या नावाचं, फोन नंबर मामांचा.

तीन, बॅकअप. त्याच मशिनात दुसरी डिस्क टाकून तिच्यावर कॉपी करणं हा बॅकअप नव्हे, वळवाची वीज दोन्ही डिस्क एकदम नेते आणि रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तोही दोन्ही. दोन पेन ड्राइव्ह घ्या, एक तांबडा, एक निळा. रोज संध्याकाळी गल्ला मोजताना टॅलीतून बॅकअप एकावर, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यावर, आणि जो त्या दिवशी वापरला तो मामांच्या खिशातून घरी. सोबत आठवड्यातून एकदा क्लाउडवर. हे नाही जमलं तर नुसतं खिशातलं तरी चालू ठेवा. महिन्यातून एकदा तुम्ही पुण्याहून रिमोटने जोडून घ्या आणि तो बॅकअप वेगळ्या फोल्डरात उघडून शेवटचं बिल दिसतंय का बघा. न उघडलेल्या बॅकअपवर माझा काडीचा विश्वास नाही.

भाषेचंही थोडं. मामांची गिऱ्हाइकं मराठी आणि कानडी दोन्ही, सरकारी कागद कानडीत, कंपन्यांची पत्रं इंग्रजीत. विंडोज ११ मध्ये मराठी आणि कानडी दोन्हींचे फोनेटिक कीबोर्ड आत आहेत, निर्मला यूआय फॉन्ट दोन्ही लिप्या दाखवतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. पण जुन्या मशिनावर उधारीची यादी, दरपत्रकं, मामींच्या बचत गटाची पत्रं श्रीलिपीत किंवा कानडीच्या जुन्या नुडी सॉफ्टवेअरात टाइप केलेली असतील तर नव्यावर ती कचऱ्यासारखी दिसतील. जुन्या मशिनातला फॉन्टचा फोल्डर आधी कॉपी करून ठेवा. प्रिंटर कोणता ते तुम्ही लिहिलं नाहीत. तीन कॉपींची बिलं डॉट मॅट्रिक्सवर निघत असतील तर तो बदलू नका, त्याच्याइतकं धुळीत काहीच टिकत नाही. मात्र त्याला फक्त पॅरलल पोर्ट असेल तर आताच्या बहुतेक बोर्डांवर तो नसतो, यूएसबीची कन्व्हर्टर केबल घेऊन दुकानातच चालवून बघा. थर्मल प्रिंटरवर मराठी नावं छापायची असतील तर तीही खरेदीआधी छापून बघा. बऱ्याच स्वस्त थर्मल प्रिंटरांत देवनागरी अक्षरं नसतात, चित्र म्हणून छापावी लागतात आणि बिल हळू निघतं. आणि रंगाच्या टिंटिंग मशीनला कंपनीने दिलेला कॉम्प्युटर असेल तर त्यावर टॅली टाकायचा मोह आवरा, त्याचा बिघाड तुमच्या हातात नाही.

जुन्या मशिनाचं काय करायचं तेही विचारलंत. विकू नका, भंगारात त्याला काहीच येत नाही. नवीन चांगला एसएमपीएस आणि एक लहान सॅटा एसएसडी घाला, विंडोज आणि टॅली टाकून ठेवा, इंटरनेट काढून घ्या, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत न गुंडाळता आतल्या खोलीत कापडाखाली ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. दर महिन्याला बॅकअप तपासायच्या दिवशीच ते चालू करून बघा. नवीन बंद पडलं तर खिशातला पेन ड्राइव्ह त्याला लावायचा, लायसन्स नसलं तरी टॅलीच्या एज्युकेशनल मोडमध्ये जुनी खाती निदान बघता येतात आणि कुणाकडे किती उधारी हे सांगता येतं. त्या दिवसापुरती बिलं छापील पुस्तकावर, म्हणून एक पावती पुस्तक कायम काउंटरमध्ये असू दे. बदलाचा मुहूर्त मार्चअखेरीला किंवा लग्नसराईत, घरांची कामं जोरात असताना धरू नका. ऑगस्टमध्ये, पावसाने सिमेंटची विक्री मंदावलेली असते तेव्हा करा.